२३ किलोत न मावणारा निरोप

तुमच्या नात्यात, सोसायटीत किंवा गेलाबाजार एखाद्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तरी कुणीतरी 'ऑनसाइट'ला गेलेलं असणारच. ते गेले तेव्हाचं सगळं तुम्हाला आठवत असेल. व्हिसा आल्याचे पेढे, आजीने बांधून दिलेली भाजणी, पोचल्यावरची पहिली इन्स्टा स्टोरी. आता जरा डोक्याला ताण द्या आणि सांगा, ते परत आले तेव्हा काय झालं होतं? बहुतेकांना काहीच आठवणार नाही. एखाद्या रविवारी कुणीतरी सहज बोलून जातं, 'अरे, ते लोक आले ना परत, महिना झाला की!' संपला विषय.

मला बोलायचंय ते या कुणाच्या नजरेत न येणाऱ्या परतीबद्दल. नेमकं सांगायचं तर विमानात बसण्याआधीच्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांबद्दल. माझं म्हणणं साधं आहे. या आठवड्यांत घरातला प्रत्येक चमचा कुठे जाणार हे ठरतं. पण घरातल्या मुलांनी, आणि बऱ्याचदा आईनेही, तिथल्या आयुष्याचा निरोप कसा घ्यायचा हे कुणी ठरवत नाही. ते आपोआप होईल असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. ते होत नाही.

मी टोकियोबद्दल बोलणार आहे, कारण मला तेच माहीत आहे. बाबांना कंपनीने तिकडे पाठवलं तेव्हा मी सहा वर्षांची होते, परत आलो तेव्हा दहा. टोकियोच्या पूर्वेला एदोगावा नावाचा वॉर्ड आहे आणि त्यात निशी-कासाई. २००० सालच्या 'वाय-टू-के'च्या धामधुमीत भारतीय इंजिनीअर जपानमध्ये आले, त्यातले कितीतरी जण इथे राहिले. कारणं अगदी व्यवहारी होती. तोझाई लाइनची ट्रेन पकडली की ऑफिसांच्या भागात पटकन पोचता येतं. शिवाय 'यूआर'च्या, म्हणजे तिकडच्या निमसरकारी गृहसंस्थेच्या घरांना जामीनदार लागत नाही आणि घरमालकाला द्यायची, कधीच परत न मिळणारी 'की मनी'ही लागत नाही. परदेशी माणसाला जपानमध्ये घर भाड्याने मिळवताना या दोन गोष्टींनी किती फरक पडतो, ते ज्याने घर शोधलंय त्यालाच विचारा. हळूहळू किराणा आला, शाळा आल्या, टोकियो मराठी मंडळाचा गणपती तर होताच. २०१९ मध्ये तर योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आला. म्हणजे काही जण तिथे रुजले, तिथलेच झाले. पण डेप्युटेशनवर गेलेल्या बहुतेकांचं तसं नसतं. ते प्रोजेक्ट संपलं की निघतात.

आणि निघणं हे तिकडे एक पूर्णवेळ काम असतं. आपल्याकडे जुनं कपाट द्यायचं झालं तर भंगारवाला उलट आपल्यालाच पैसे देतो. टोकियोत वस्तू टाकायला तुम्ही पैसे मोजता. ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू असेल तर आधी फोन किंवा ऑनलाइन बुकिंग, मग दुकानातून तेवढ्या येनचं स्टिकर आणायचं, ते वस्तूवर चिकटवायचं आणि ठरलेल्या दिवशी सकाळी खाली नेऊन ठेवायचं. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि एसी तर असेही टाकता येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा कायदा, वेगळी फी. म्हणून मग 'सायोनारा सेल' लागतो. सोफा याला, पंखा त्याला, राइस कुकर नव्याने आलेल्या कुणाला तरी. तो कुकर आणायचा म्हटलं तरी उपयोग नसतो, कारण जपानची वीज १०० व्होल्टची आणि आपली २३० ची. थेट लावला तर कुकर जळणार.

मग वॉर्ड ऑफिसात जाऊन 'आम्ही निघालो' असा फॉर्म भरायचा, विम्याचं कार्ड परत करायचं. गॅस, वीज, पाणी, फोन, बँक हे वेगळंच. सायकलसुद्धा पोलिसांकडच्या नोंदीतली असते, त्यामुळे ती कुणाला देताना नोंद बदलायचा कागद लागतो. या सगळ्या कामांची आमच्या फ्रिजवर एक यादी होती. बाबांच्या अक्षरात, ४१ कामं. एकेक काम झालं की त्यावर रेघ. ती यादी मला अजून आठवते, कारण फ्रिजच विकला गेल्यावर ती आठवडाभर भिंतीला चिकटवलेली होती.

त्या ४१ कामांत माझं काम एकच होतं, 'खेळणी निवडणे'. धाकट्या भावाचं तेही नव्हतं. तो पाच वर्षांचा होता आणि त्याला सांगितलं होतं की आपण आजीकडे चाललोय. हे खोटं नव्हतं. आम्ही खरंच आजीकडे चाललो होतो. फक्त परत येणार नव्हतो, तेवढं सांगायचं राहिलं. 'लहान आहे, रडेल, कशाला आत्तापासून?' असा विचार सगळ्या घरांत होतो. पुण्यात आल्यावर जवळजवळ दोन महिने तो अधूनमधून विचारायचा, 'घरी कधी जायचं?' मग सगळे एकमेकांकडे बघायचे. पुढच्या होळीपर्यंत त्याचं जपानी बोलणं थांबलं. आज त्याला तिथलं फारसं काही आठवत नाही. मात्र कुठेही जायचं म्हटलं, अगदी लोणावळ्याला, तरी 'परत कधी यायचं?' हे तो आधी विचारून घेतो.

आता आईबद्दल. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला जपानमध्ये वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. आई एका डब्यांच्या दुकानात भाताचे गोळे वळायची. तिच्या नावाचं टाइम कार्ड होतं, तिच्या नावावर पगार जमा व्हायचा, आणि पुढे-मागे आम्हा दोघांना बसवून ती सायकलवर अख्खं निशी-कासाई फिरायची. लग्नाआधी पुण्यात नोकरी केलेल्या आणि नंतर ती सोडलेल्या बाईसाठी हे किती होतं, ते मला आत्ता आत्ता कळतंय. शेवटच्या महिन्यात तिने सायकल शेजारणीला दिली, नोंद बदलायचा कागद स्वतः भरला. घरी आल्यावर कुणी तिला विचारलं नाही की कसं वाटतंय. कारण यादीत त्यानंतर 'पडदे धुणे' होतं.

इथे एक गोष्ट मला फार लागते. २०१६ पासून भारत आणि जपान यांच्यात सामाजिक सुरक्षा करार लागू आहे. त्यामुळे पाच वर्षांपर्यंतच्या डेप्युटेशनवर गेलेल्या माणसाला दोन्ही देशांत पेन्शनचे पैसे भरावे लागत नाहीत. चांगलंच आहे. दोन सरकारं एका टेबलावर बसली आणि नोकरदाराचे पैसे वाया जाऊ नयेत याची व्यवस्था झाली. पण त्याच नोकरदाराच्या मुलाचं शाळेचं वर्ष मधेच तुटतं, त्याची व्यवस्था कुणाच्या टेबलावर असते? प्रोजेक्ट क्लायंटच्या तारखेला संपतं, शाळेच्या नाही. आमची नक्की तारीख बाबांना तीन आठवडे आधी कळली होती आणि महिना होता ऑक्टोबर. म्हणजे तिकडे वर्गात अर्धं वर्ष झालेलं, इकडे सहामाही परीक्षा तोंडावर.

तुम्ही म्हणाल, चार माणसांना टाटा करायला असा काय वेळ लागतो? लागतो. आणि हे मी एकटी म्हणत नाही. परदेशी राहून परतणाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या जॉन आणि जीन गलाहॉर्न यांनी १९६३ मध्येच मांडलं होतं की परक्या देशात गेल्यावर माणसाचं मन जसं आधी खाली जातं आणि मग सावरतं, तसंच मायदेशी परतल्यावर पुन्हा होतं. आलेख काढला तर इंग्रजी 'डब्ल्यू'सारखा दिसतो. पहिल्या घसरणीला सगळे तयार असतात, कारण परका देश म्हणजे त्रास होणारच. दुसरीला कुणी तयार नसतं. आपल्याच घरी आलोय, आता कसला त्रास?

दुसरं नाव डेव्हिड पोलॉक. आई-वडिलांच्या देशाबाहेर वाढणाऱ्या मुलांवर त्यांनी रूथ व्हॅन रेकन यांच्यासोबत लिहिलेलं पुस्तक १९९९ मध्ये आलं. चांगल्या निरोपासाठी पोलॉक चार गोष्टी सांगतात आणि त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द होतो 'राफ्ट', म्हणजे तराफा. एक, ज्यांच्याशी बिनसलंय त्यांच्याशी मिटवून घ्या. दोन, ज्यांनी तुमच्यासाठी काही केलं त्यांना ते बोलून दाखवा. तीन, माणसांचा, जागांचा, वस्तूंचा नीट निरोप घ्या. चार, पुढे कुठे चाललोय त्याचा खराखुरा विचार करा. यात रॉकेट सायन्स काही नाही, आजीसुद्धा हेच सांगेल. फक्त हे सगळं शेवटच्या रात्री बॅग वजनकाट्यावर ठेवताना होत नाही. माणशी २३ किलोच्या दोन बॅगा, आणि त्यात कुणी भांडलेल्या मैत्रिणीशी बोलायला वेळ काढणार?

माझ्या बाबतीत हे थोडंफार झालं ते माझ्या जपानी शाळेमुळे. तिथे वर्गातलं मूल शाळा सोडून जाणार असेल तर निरोपाचा छोटा कार्यक्रम करण्याची पद्धत आहे, त्याला 'ओवाकारे-काय' म्हणतात. आमच्या बाईंना सहाच दिवस आधी कळलं, तरी त्यांनी तो केला. खेळ झाले, एक गाणं झालं आणि एका जाड चौकोनी पुठ्ठ्यावर सगळ्या वर्गाने माझ्यासाठी दोन-दोन ओळी लिहिल्या. एका मुलाने लिहिलं होतं, 'माझं खोडरबर तुझ्याकडेच आहे, पण राहू दे.' तो पुठ्ठा माझ्याकडे अजून आहे. त्याचा खरा उपयोग मला नंतर कळला. मी तिथून गेले हे त्यांना माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. भावाला यातलं काहीच मिळालं नव्हतं.

आता आपलं बघा. आपण तर निघताना 'जाते' म्हणतच नाही, 'येते' म्हणतो. 'जाते' म्हटलं की घरातलं कुणीतरी लगेच दटावतं. शब्द गोड आहे, मलाही आवडतो. पण कायमचं निघताना आपण मुलांच्या बाबतीत याच 'येते'च्या मागे लपतो. म्हणून आपल्याला निरोप घेता येत नाही का? छे! आपल्याइतका निरोप कुणाला येतो? गणपती बसवताना प्राणप्रतिष्ठा करतो, तशी उठवताना उत्तरपूजाही करतो. आरती होते, हातावर दही ठेवतो, मूर्ती जागेवरून जराशी हलवतो आणि मगच तिला उचलतो. उत्तरपूजा न करता कुणी मूर्ती उचलेल का? गडबड असली तरी? घरातलं लहान पोरही त्या वेळी तिथे उभं असतं, रडतं, आणि कुणी त्याला आत पाठवत नाही. परदेशातल्या भाड्याच्या घरातून निघताना मात्र आपण हे सगळं विसरून फक्त मीटरचं रीडिंग घेतो.

परतल्यावर काय होतं, तेही सांगते. जपानी शाळेत पहिल्या तीन वर्षांत ४४० कांजी शिकवतात. मला त्या येत होत्या, चौथीतल्याही काही येत होत्या. पण पुण्यातल्या शाळेत पाचवीच्या वर्गात मला जोडाक्षरं लिहिता येत नव्हती. घरी मराठीच बोलायचो, त्यामुळे कुणाला हा प्रश्न वाटलाच नव्हता. तिकडची ती कडक पाठीची शाळेची बॅग बाकाखालच्या कप्प्यात बसत नव्हती. तास संपल्यावर मी सवयीने वर्ग झाडायला उठले, तर मावशी म्हणाल्या, 'बस गं, ते माझं काम आहे.' कुणी वाईट वागलं नाही. पण मी दिवसभर १०० व्होल्टच्या कुकरसारखी २३० च्या प्लगला लागलेली होते. आता तर २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. कायदा हवाच होता. पण बाहेरून परतणाऱ्या मुलांना देवनागरीची तयारी कधी करायची? त्याच शेवटच्या आठवड्यांत 'पुढे काय' हे कुणी त्यांच्याशी बोललं असतं, तर निदान वही उघडल्यावर धक्का बसला नसता.

एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तो माझ्याही आला. हे सगळं खाऊन-पिऊन सुखी लोकांचं दुखणं नाही का? आहे, काही प्रमाणात नक्कीच. दिवाळीच्या सुमारास बीडहून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांची पोरं दरवर्षी शाळा अर्धी सोडतात. त्यांच्यासाठी सायोनारा सेल नसतो आणि त्यांचं नुकसान माझ्या जोडाक्षरांपेक्षा कैक पटींनी मोठं आहे. दोन्ही एका तराजूत घालायची माझी इच्छा नाही. पण पोलिसांची मुलं घ्या, बँकवाल्यांची घ्या, दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या कुणाचीही घ्या. मोठ्यांचं काम जिथे नेईल तिथे मुलांनी जायचं, आणि ते त्यांना सगळ्यात शेवटी सांगायचं, हा नियम सगळीकडे सारखाच आहे. ज्या घरांत पैसा आहे, तिकीट कंपनी काढते आणि आई-बाबा शिकलेले आहेत, निदान तिथे तरी तो बदलायला काय हरकत आहे?

बदलायचा म्हणजे काय करायचं? कंपन्यांनी तारीख वेळेत सांगावी. घर हलवायचा खर्च देताच, तर मुलांचं सत्र संपेपर्यंत कुटुंबाला थांबायची मुभाही द्या. आई-बाबांनी यादीत पहिलं काम 'मुलांना खरं सांगणे' हे लिहावं आणि त्यावर पहिली रेघ मारावी. पाच वर्षांच्या मुलालाही 'आपण इथे परत राहायला येणार नाही' हे वाक्य कळतं. तो रडेल. रडू दे. शेवटच्या रविवारी त्याला हवं तिथे न्या, भले ते फक्त खालचं घसरगुंडीचं पार्क असो. २३ किलोतले दोन किलो त्याचे, त्यात काय घालायचं ते त्याने ठरवायचं. आणि घरातल्या बाईला तिच्या शेवटच्या दिवशी दुकानात थोडं जास्त थांबू द्या, पडदे दुसऱ्या दिवशी धुतले तरी चालतात.

राहिलो आपण. तुम्ही विशीतले आहात, म्हणजे येत्या काही वर्षांत तुमच्यातलेच कितीतरी जण ऑनसाइट जाणार आणि त्यातले बरेच परतणार. तोवर दादा-वहिनी, मावसबहीण, शेजारचं कुटुंब असं कुणी ना कुणी परत येत राहील. जपानचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये तर येतीलच. ते आले की विमानतळावर घ्यायला जा. पुण्यात असाल तर त्यांच्या पोरांना सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात न्या. ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर केलेली ती बाग आहे, तिथला पूल बघून ती काहीतरी बोलतील. शाळेत किंवा क्लासला असं कुणी आलं, की त्याला 'ए जपान' अशी हाक मारू नका. मला ती हाक दहावीपर्यंत होती.

आणि बॅगा उघडल्यावर 'काय काय आणलं?' असं विचारायचा मोह आवरा. त्याऐवजी त्या दहा वर्षांच्या पोरीला विचारा, 'तिथे तुझी मैत्रीण कोण होती गं?' मग ती 'तिकडे ना...' असं म्हणून सुरू होईल आणि बराच वेळ थांबणार नाही. थांबवू नका.